आबांचे पाऊल उंबऱ्याशी अडते : पार्किन्सन्ससाठी घरी व्यायाम कसे घ्यावेत?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)
नमस्कार. माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, वय ७२ असून पार्किन्सन्सचे निदान होऊन चार वर्षे झाली आहेत. अंगणात ते बरे चालतात. परंतु माजघराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला खिळतात, आणि आम्ही हात धरून ओढले की त्यांचा तोल पुढे जातो. रोज रिक्षाने फिजिओथेरपीला नेणे आता झेपत नाही. हे उपचार घरी करता येतील का, आणि कोणत्या वेळी करावेत?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी)
सर्वप्रथम हात ओढणे थांबवावे, कारण त्यामुळे शरीर पुढे येते आणि पाय मागेच राहतात. या आजारात मेंदूतील डोपामीन हे रसायन कमी झाले की चालण्यासारख्या, एरवी नकळत होणाऱ्या हालचाली बिघडतात. मात्र लक्ष देऊन केलेली हालचाल पुष्कळदा जमते, म्हणूनच डोळ्यांना किंवा कानांना खूण मिळाली की अडलेले पाऊल सुटते. उंबऱ्याच्या अलीकडे पावलापावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावाव्यात आणि प्रत्येक पट्टी ओलांडण्यास सांगावे. तरीही पाय अडल्यास थांबून, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलवून, मग मोठे पाऊल टाकावे. वळताना जागीच गिरकी न घेता मोठा वळसा घ्यावा. मोठ्या हालचालींवर भर देणारी ‘एलएसव्हीटी बिग’ ही पद्धत आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, अशी चार आठवडे शिकवली जाते. त्यानंतरचा सराव घरीच असतो. मात्र प्रशिक्षित थेरपिस्टने एकदा आपले घर प्रत्यक्ष पाहावे, कारण उंबरा, पायऱ्या आणि न्हाणीघर यांचा अंदाज फोनवरून येत नाही.

उत्तर २ (शिवाजी पेठ)
आमच्या ह्यांचा अनुभव सांगते. लेवोडोपाची, म्हणजे डोपामीनची उणीव भरून काढणाऱ्या औषधाची, गोळी लागू पडल्यावर शरीर मोकळे होते, त्याच वेळी व्यायाम घ्यावा. गोळीचा असर उतरल्यावर घेतलेला व्यायाम म्हणजे दोघांचीही चिडचिड असते. आम्ही पंधरा दिवस वहीत वेळा टिपल्या, तेव्हा ती वेळ सापडली. जेवणातील प्रथिने या औषधाच्या शोषणात अडथळा आणू शकतात, म्हणून मटणाच्या दिवशी गोळी आणि ताट यांत किती अंतर ठेवावे, हे डॉक्टरांना विचारून ठरवले (पांढरा रस्सा सोडायला ते तयार नव्हतेच!). पावलांना ताल मिळावा म्हणून लावलेल्या मोबाइलमधल्या टिकटिकीवर ते वैतागत. हलगीचा संथ ठेका लावला, तर तालमीत वाढलेला माणूस आपोआप पाय उचलू लागला.

उत्तर ३ (निवृत्त परिचारिका, कसबा बावडा)
एक सावधगिरी सुचवते. या आजारात उभे राहताना रक्तदाब घसरू शकतो, त्यामुळे आबांना आधी पलंगाच्या काठावर बसवून, थोडे थांबून मग उठवावे. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज बारीक झाला असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे लवकर न्यावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. उंबरा काढण्यास आईचा ठाम नकार आहे, म्हणून काल अलीकडे चार पिवळ्या पट्ट्या लावल्या. आबा तिसऱ्या पट्टीवर थांबले, डुलले आणि उंबरा ओलांडून गेले. परत येताना मात्र अडकले, कारण पलीकडच्या बाजूला पट्ट्या लावायच्या राहिल्या होत्या.