मदत हवी आहे: कॅसेट लूपच्या जोडावर सूर डुलतो

पेटीचा एकच सूर (काळी दोनचा) कॅसेटवर घेऊन त्याचा लूप (टेपची दोन टोकं जोडून केलेलं कडं, तेच पुन्हा पुन्हा वाजतं) बनवलाय. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंमी, म्हणून पाच सेकंदांसाठी साधारण २४ सेंमी टेप कापली. टेप सी-६० ची (साठ मिनिटांच्या कॅसेटची) आहे. सी-९० ची फार पातळ, हातात गोळाच होते. असे दोन लूप दोन वॉकमनवर लावून ते हळूहळू एकमेकांपासून सरकू द्यायचे, हा बेत. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशला १९६५ मध्ये टेपरेकॉर्डरवर जे सापडलं तेच, फक्त पेटीवर.

अडचण अशी: जोड हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) गेला की 'टक्' वाजतं आणि लगेच सूर क्षणभर खाली बसतो, भात्यात हवा कमी पडल्यासारखा.

आधी टेप सरळ कापली होती, मग ४५ अंशांत तिरकी कापली. टक् बराच कमी झाला, सूर मात्र अजून बसतोच. हेड आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. बेल्ट नवा आहे, अख्खी कॅसेट व्यवस्थित वाजते. जोडाला साधा सेलोटेप वापरलाय (हो, वापरू नये हे माहीत आहे!), टेपच्या मागच्या बाजूने.

कॉम्प्युटरवर लूप करायचा नाही, टेप झिजतानाचा आवाजच हवाय.

सूर बसतो तो सेलोटेपच्या जाडीमुळे, की लूप किंचित आखूड पडून ताण येतोय म्हणून? आणि कॅसेटच्या टेपच्या रुंदीची स्प्लायसिंग टेप (जोडासाठीची खास चिकटपट्टी) पुण्या-मुंबईत कुठे मिळेल?