जिमच्या साइटला महिन्याला किती बॅकलिंका झेपतात?

डंबेलदादा (धागाकर्ता)
कोथरूडला आमची छोटी जिम आहे, दोनशेच्या आसपास मेंबर. साइट यंदा गणपतीत केली. जानेवारीच्या गर्दीआधी गूगलवर जरा वर यावं म्हणून एका एजन्सीशी बोललो. ते म्हणतात, महिन्याला १०० बॅकलिंका देतो, म्हणजे दुसऱ्या साइटींवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका. मेहुणा वेबसाइटच्याच धंद्यातला. तो म्हणतो, "वेडा आहेस का? नव्या साइटला महिन्याला पाच-सात, त्याच्या पुढे गेलास की गूगल पकडतं." दोघांचंही पटतंय, तीच पंचाईत आहे. वेग किती ठेवू?

घाटावरचा
मेहुण्याचं ऐका. २०१२ साली मी एका सप्लिमेंटच्या दुकानाची साइट बघायचो. दोन महिन्यांत ढिगाने लिंका लावल्या, पहिल्या पानावर आलो, मालकाने पेढे वाटले. २४ एप्रिलला बनावट लिंकावाल्या साइटी खाली ढकलणारं गूगलचं पेंग्विन अपडेट आलं आणि आठवड्यात फोन वाजायचा थांबला. नकोशा लिंका नाकारायची सोय गूगलने ऑक्टोबरमध्ये दिली. दोन रविवार बसून याद्या केल्या, पण मे २०१३ च्या पुढच्या पेंग्विनपर्यंत साइट जागची हलली नाही. नवीन पोराला पहिल्याच दिवशी १०० किलोचा बार देता का?

चष्मिष
घाटावरचे, तुमची कंबर वजनाने नाही गेली, फॉर्म चुकीचा होता. लिंका विकतच्या होत्या. महिन्याला पाच घेतल्या असत्या तरी विकतच्याच राहिल्या असत्या.

या वेगाच्या भीतीचं मूळ बहुतेक गूगलच्या एका पेटंटमध्ये आहे, २००३ मध्ये अर्ज, २००८ मध्ये मंजूर. त्यात म्हटलंय की साध्या पानाला लिंका हळूहळू मिळतात आणि अचानक उसळी हे स्पॅमचं लक्षण असू शकतं. लोक इथेच वाचायचं थांबवतात. त्याच जागी असंही आहे की उसळी एखाद्या घडामोडीमुळेही येते, आणि उदाहरण दिलंय सार्सच्या साथीत अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या साइटला मिळणाऱ्या लिंकांचं. शिवाय पेटंट घेतलं म्हणजे ते जसंच्या तसं वापरात आहे असंही नाही. गूगलचे जॉन म्युलरही सांगून चुकलेत की किती दिवसांत किती, हा मुद्दा नाही. लिंका बनावट आहेत का, हा आहे.

खडकवासला
चष्मिष +१. आमच्या जिममध्ये ६८ वर्षांच्या एक काकू नऊवारीत डेडलिफ्ट मारतात. त्यांचा व्हिडिओ फिरला आणि चार दिवसांत चाळीसेक साइटींनी आमची लिंक दिली. त्याआधी आख्ख्या वर्षात तीन होत्या! काही झालं नाही. पुढच्या महिन्यात शून्य, तरीही काही झालं नाही. काकू मात्र आता भाव खातात.

रँकिंगराजा
मी एजन्सीवाला, चपला जपून मारा. प्रत्येकाकडे नऊवारीतल्या काकू नसतात. हॉटेलवर ब्लॉगर लिहितात, जिमवर आपणहून कोण लिहितं? गिऱ्हाईक जानेवारी गाठायला येतं, त्याला "चांगलं लिहा, लिंका येतील" सांगून माझं भाडं निघत नाही. आणि २०१६ च्या पेंग्विनपासून गूगल वाईट लिंका बहुधा मोजतच नाही, पण त्यापायी साइट बुडवत नाही. १०० टाकल्या, १० लागल्या, तरी फायदाच.

चष्मिष
मग न लागलेल्या ९० चे पैसे कोणी द्यायचे? आणि गूगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई आजही होते. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात त्याचं वेगळं पानच आहे.

एक्सेलबाई
वेग राहू द्या. धागाकर्ते, एजन्सीने नमुन्याची यादी दिली असेलच. ती आधी उघडा.

डंबेलदादा
उघडली. १२० ओळी. त्यातल्या ८४ मध्ये लिंकेचे शब्द तेच, "बेस्ट जिम इन पुणे". चार पानं उघडून पाहिली. एक छप्पर दुरुस्तीचं, दोन कसिनोची. चौथ्यावर कुत्र्याच्या खाण्याबद्दल लेख, आणि जंताच्या औषधाच्या परिच्छेदात मधेच कुठल्यातरी जिमची लिंक. हसू की रडू?

एक्सेलबाई
८४ माणसं आपापल्या मनाने एकच चार शब्द लिहीत नाहीत. ही यादी वर्षभर पुरवून लावली तरी अशीच दिसेल. त्यात तुमचा धंदा कोथरूडचा. नकाशावर दिसण्यासाठी गूगल तीन गोष्टी सांगतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. लिंका तिसऱ्यात येतात, रिव्ह्यूही त्यातच. तुमच्या दोनशे मेंबरांपैकी किती जणांनी रिव्ह्यू लिहिलाय?

डंबेलदादा
अकरा. त्यात एक माझी बायको.

घाटावरचा
हे सगळं बरोबर, तरी मी हळूच म्हणेन. खरी लिंक मिळवायला माणसांशी बोलावं लागतं, आणि जिम चालवणाऱ्या माणसाला महिन्याला चार-पाच जणांशीच नीट बोलता येतं. मेहुण्याचा आकडा काही चुकलेला नाही, कारण चुकलंय.

चष्मिष
हे मान्य. पहिल्यांदाच एकमत, जपून ठेवा.

डंबेलदादा
अपडेट. एजन्सीला नाही म्हणालो. आमच्याकडे गुरुवारी पायांच्या व्यायामाला एक रनिंग ग्रुप येतो, यंदा साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळालेला. यवतेश्वरच्या चढासाठी त्यांच्याकडून सहा आठवडे काय करून घेतलं ते साइटवर लिहिलं, स्क्वॉटच्या वजनांसकट. त्यांनी आपल्या पानावर लिंक दिली. जिमचं नाव चुकवलंय, पण लिंक चालते. रिव्ह्यू २९ झाले.

रँकिंगराजा
महिन्यात एक लिंक! जानेवारीत भेटू, दादा.