धाकट्याला थेट विचारू का?

भाऊ १७ वर्षांचा. गे असल्याचं फक्त मलाच सांगितलंय. हल्ली नीट जेवत नाही, रात्रभर जागा असतो. परवा जिवापाड जपलेली गिटार मित्राला देऊन टाकली. जीव द्यायचा विचार येतो का, असं विचारलं तर तेच त्याच्या डोक्यात बसेल का?

उत्तर १ : नाही. मी समुपदेशक आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आवडती वस्तू देऊन टाकणं ही गंभीर खूण आहे, आजच विचारा. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. घरच्यांना ‘त्याच्या जिवाला धोका आहे’ एवढंच सांगा. गे असल्याचं सांगायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या.

उत्तर २ : ताई, ‘बरा करतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली. पोरं खचतात ती टोमण्यांनी, लपवाछपवीने.

ताई : विचारलं. खूप रडला, ‘हो’ म्हणाला. आज त्याच्याच खोलीत झोपतेय. सकाळी डॉक्टरांकडे जातोय. आत सोबत बसू का?

उत्तर १ : त्यालाच विचारा. गिटारचं मात्र डॉक्टरांना नक्की सांगा. रात्रीत काही वाटलं तर सकाळची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.