मदत हवी आहे: शाफ्टचं (फिरणाऱ्या दांड्याचं) डिझाइन मुलांच्या हातात कसं उतरवायचं?

तृतीय वर्ष मेकॅनिकल, मशीन डिझाइन. वीस जणांची बॅच, प्रॅक्टिकल दोन तासांचं. टॉर्क, बेंडिंग मोमेंट, व्यास इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. ड्रॉइंगवर आली की अडते.

नमुना बघा. २५ मिमी शाफ्ट, त्यावर ६२०५ बेअरिंग (२५ मिमी भोकाचं). ताण कमी व्हावा म्हणून मुलं खांद्याला (बेअरिंग टेकतं त्या पायरीला) २ मिमी फिलेट, म्हणजे कोपऱ्यात गोलाई, देतात. गणितात बरोबर! पण या बेअरिंगच्या आतल्या रिंगच्या कोपऱ्याची त्रिज्या किमान १ मिमी, त्यामुळे रिंग फिलेटवरच अडते, खांद्याला टेकतच नाही. खांद्याचा व्यास ४० मिमी केला तर पुलरला (बेअरिंग ओढून काढायच्या अवजाराला) रिंग पकडायला जागा उरत नाही. ३१ च्या आसपास पुरे. फिटचं (बेअरिंग शाफ्टवर किती घट्ट बसावं त्याचं) तर विचारूच नका, सरसकट ±०.१ मिमी लिहून मोकळे. तिथे के६ (फिटची प्रमाणित मर्यादा) हवं, म्हणजे २५ वर +०.०१५ आणि +०.००२ मिमी. डेटा बुकातली (तक्त्यांच्या पुस्तकातली) किल्ली, म्हणजे शाफ्ट आणि गिअर एकत्र फिरवणारा तुकडा, मात्र बिनचूक उतरते, ८×७ मिमी.

जुन्या बाजारातून भंगारातला छोटा गिअरबॉक्स आणून, चौघांच्या गटाला उघडायला आणि मायक्रोमीटरने मोजायला द्यावा, असा विचार आहे. कुणी असं केलंय का? वीस जणांना किती गिअरबॉक्स पुरतात? दोन तासांत उघडून परत जोडून होतो का? गुण गणिताला किती, ड्रॉइंगला किती? भोसरीत एखाद्या वर्कशॉपमध्ये मुलांची ड्रॉइंग्ज मशिनिस्टकडून तपासून मिळतील का? लाल पेन माझंही चालतं, पण त्याचं जास्त लागतं.