मदत हवी आहे : चीनमध्ये सरचिटणीसाला हटवण्याची ताकद नेमकी कुणाकडे?

मंडळी, चीनच्या राजकारणाचा अभ्यास असलेल्यांनी जरा मदत करा.

कागदावरची उतरंड समजते. दर पाच वर्षांनी सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचं महाअधिवेशन भरतं, ते केंद्रीय समिती निवडतं (२०२२ साली २०५ पूर्ण सदस्य), ती पॉलिटब्युरो (पक्षाचं वरिष्ठ नेतृत्व मंडळ), त्याची सात जणांची स्थायी समिती आणि सरचिटणीस निवडते. प्रत्यक्षात नावं वरच ठरतात आणि खाली हात वर होतात. प्रांतातही गव्हर्नरपेक्षा पक्षाचा सचिव वरचढ. इथपर्यंत ठीक.

घोडं अडतं ते हटवण्यापाशी. १९८७ मध्ये हू याओबांग यांना पद सोडावं लागलं, १९८९ मध्ये झाओ झियांग यांना. दोघंही सरचिटणीस, म्हणजे नियमाप्रमाणे पक्षात सर्वोच्च! आणि १९८९ मध्ये शब्द चालला डंग शियाओपिंग यांचा, जे तेव्हा स्थायी समितीतसुद्धा नव्हते. हाती होतं सैन्यावर हुकमत असलेल्या केंद्रीय लष्करी आयोगाचं अध्यक्षपद, आणि पाठीशी जुनी ज्येष्ठ मंडळी. सैन्य तिथे सरकारचं नाही, पक्षाचं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. जियांग झेमिन यांनीही सरचिटणीसपद २००२ मध्ये सोडलं, पण लष्करी आयोग २००४ पर्यंत सोडला नाही.

मग खरी किल्ली लष्करी आयोगच का? ज्येष्ठांचा सल्लागार आयोग तर १९९२ मध्येच गुंडाळला. आता सरचिटणीस, लष्करी आयोगाचा अध्यक्ष आणि राष्ट्राध्यक्ष ही तिन्ही पदं शी जिनपिंग यांच्याकडे आहेत. राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा २०१८ मध्ये गेली, सरचिटणीसपदाला तर ती कधी नव्हतीच. अशा वेळी केंद्रीय समितीने मनात आणलं तरी बैठक बोलवणार कोण?

पक्षाच्या घटनेतलं कलम माहीत असेल तर तेही सांगा. निव्वळ ‘हुकूमशाही आहे, दुसरं काय’ असं उत्तर नको.