सल्ला हवा आहे : जळगावात नेहरू चौक–नवी पेठ भागात सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीसाठी चांगलं रेस्टॉरंट कसं निवडावं?

अमळनेरची_सून

नमस्कार मंडळी. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या नानांना, येत्या पौषात पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतायत. गावात मांडव घालून कार्यक्रम नको असं त्यांनी स्वतःच सांगितलं. काहीही विचारलं तरी "माले काय लागस?" एवढंच उत्तर येतं. पण त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पंगती उठवल्या, घरातल्या प्रत्येक लग्नात शेवटी जेवले. एकदा त्यांना चांगल्या ठिकाणी, पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी, निवांत बसवून जेवू घालायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. खर्चाची तयारी आहे.

माणसं तीसेक होतील. अमळनेर, धरणगावकडची मंडळी रेल्वेने येणार, त्यामुळे स्टेशनपासून जवळ, म्हणजे नेहरू चौक, टॉवर चौक, नवी पेठ असा भाग हवा. सासूबाईंचे गुडघे दुखतात. नणंदेच्या सासरची माणसं जैन आहेत. भाचेमंडळी पुण्याहून येतील, त्यांना काहीतरी नवीन लागतं.

तीन ठिकाणं काढून ठेवलीत. पहिलं लॉजिंगच्या हॉटेलातलं, पहिल्या मजल्यावर. दुसरं जुनं, पण वेगळा एसी हॉल असलेलं. तिसरं नवं आहे, फोटो अतिशय सुंदर. नावं मुद्दाम लिहीत नाही, धाग्याची जाहिरात व्हायला नको. मला एवढंच सांगा, या तिन्हींत निवड करताना काय बघू आणि काय विचारू?

तापीकाठ

ताई, पहिली गोष्ट, फोटोवरून ठरवू नका आणि दुपारी चारला जाऊनही ठरवू नका. चारला प्रत्येक हॉटेल शांत आणि स्वच्छ असतं. कार्यक्रम ज्या वारी, ज्या वेळेला करणार आहात त्याच वारी, त्याच वेळेला दोघं जाऊन जेवून या. शनिवारी रात्री साडेआठला वाढपी किती वेळाने येतो, शेजारच्या टेबलावरचा आवाज किती येतो, एसीचा वारा कुठल्या खुर्चीवर थेट बसतो, हे तेव्हाच कळतं.

गुडघ्यांसाठी लिफ्ट आहे का एवढं विचारून थांबू नका. ती जनरेटरवर चालते का, हे विचारा. आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर फक्त दिवे नि पंखे असतात. संडास त्याच मजल्यावर आहे का आणि कमोड आहे का, हेही स्वतः आत जाऊन बघा. हे विचारायला लोक संकोचतात आणि मग म्हातारी माणसं बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक. परमिट रूम असेल तर फॅमिली हॉलचं दार वेगळं आहे का बघा. काही ठिकाणी एकाच जिन्याने वर जावं लागतं. रात्री त्या जिन्यावर जी वर्दळ असते त्यात नानांना हात धरून न्यायचं, हे मला तरी बरं वाटणार नाही.

भुसावळचा_पाहुणा

गावात कशाला? महामार्गाला लागून गार्डनवाली मोठी हॉटेलं आहेत. गाड्या लावायला जागा, मुलांना खेळायला जागा. नवी पेठेत गाडी लावता लावता अर्धा तास जातो.

अमळनेरची_सून

दादा, अर्ध्या लोकांकडे गाडी नाही. ते सुरत लाईनच्या गाडीने उतरणार आणि परतही रेल्वेनेच जाणार. तीस माणसांना रिक्षाने महामार्गावर न्यायचं नि परत आणायचं म्हणजे कार्यक्रम त्यातच संपेल. शिवाय थंडीत उघड्या गार्डनमध्ये रात्री बसवायचं नाही.

सातपुड्याचा_आचारी

माझा केटरिंगचा धंदा आहे, त्यामुळे स्वयंपाकघराच्या बाजूने लिहितो.

पौष आहे हे तुमच्या फायद्याचं. आपल्याकडे पौषात लग्नं फारशी होत नाहीत, त्यामुळे हॉल मिळतो आणि आचारीही जागेवर असतो. मार्गशीर्षात मोठी तीथ असली की हेच हॉटेल वर हॉलमध्ये रिसेप्शन घेतं आणि खालच्या रेस्टॉरंटची ऑर्डरही त्याच भट्टीवर निघते. अशा दिवशी नामांकित ठिकाणीसुद्धा रोटी थंड येते. फक्त ३१ डिसेंबरच्या आसपासची तारीख टाळा. आणि पंचांगात गुरुपुष्यामृत कधी येतो तेही बघा. त्या दिवशी सोनं घ्यायला चारी तालुक्यांतून माणूस सुभाष चौकात उतरतो आणि नंतर जेवायला नेहरू चौकाकडेच येतो.

आता जैन पाहुण्यांचं. "जैन मिळेल का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. हॉटेलात ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यांत होऊन जातात आणि बहुतेकींच्या बुडाशी कांदा नि लसूण असतो. म्हणून विचारायचं ते असं : जैन ग्रेव्ही वेगळी करता का, कशात करता? टोमॅटो-काजूवर वेगळी चढवतो असं उत्तर आलं तर माणसाला काम माहीत आहे. पुढचा प्रश्न, बटाट्याऐवजी काय घालता? आपल्या जिल्ह्यात याचं उत्तर एकच असायला पाहिजे, कच्ची केळी. कच्च्या केळीचे कोफ्ते, टिक्की, कटलेट असं झकास होतं की बाकीचेही तेच मागतात. तवा आणि झारे वेगळे ठेवा म्हणून आधीच सांगा.

आणि वेळ. त्यांच्यात कोणी चौविहार पाळणारं आहे का, हे नणंदबाईंना आजच विचारा. पाळत असतील तर सूर्यास्तानंतर ते काही घेणार नाहीत, आणि पौषात सूर्य सहाच्या आसपासच मावळतो. रात्री आठचं जेवण ठेवलंत तर ती माणसं रिकाम्या ताटाशी बसून राहतील. आपल्या लेकीच्या सासरचे लोक म्हणजे त्या दिवशीचे सगळ्यांत मानाचे पाहुणे.

अमळनेरची_सून

आचारीदादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ताईंना फोन केला. त्यांच्या सासूबाई चौविहार पाळतात. म्हणजे दुपारचंच जेवण ठेवावं लागेल.

सातपुड्याचा_आचारी

दुपारच उत्तम. साडेबाराला सुरू करा. भट्टी नुकती तापलेली असते, माणसं ताजी असतात, आणि तुमच्या म्हाताऱ्या मंडळींना अंधारात परतीची गाडी पकडावी लागत नाही. हॉल चारपर्यंत तुमचा, असं आधी बोलून घ्या. नाहीतर तीनलाच खुर्च्या उचलायला लागतात.

देवपूरची_मावशी

अगं, औक्षणाचं काय ठरवलंस? पंच्याहत्तरीला पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळतात. आमच्याकडे धुळ्याला माझ्या मोठ्या दिरांची पंच्याहत्तरी हॉटेलातच केली, म्हणून सविस्तर सांगते.

हॉटेल ठरवायच्या आधी तेलातुपाचे दिवे लावू देतात का ते विचार. नव्या सजावटीच्या ठिकाणी खाली गालिचा, वर कागदी फुलं, पडदे नायलॉनचे. ते लोक घाबरतात आणि त्यांचं घाबरणं बरोबरच आहे. ऐनवेळी मॅनेजर येऊन फुंकर घाला म्हणाला तर त्या माणसाला काय वाटेल, ज्याला ओवाळतोय?

दिवे कणकेचे कर. हळद घालून घट्ट भिजव आणि घरूनच वाफवून आण, म्हणजे तडकत नाहीत. ताटं दोन-तीन करा, एकाच परातीत पंच्याहत्तर दिवे ठेवलेस तर हाताला धग लागते आणि परात पेलवत नाही. तूप थिजलेलं घाल, म्हणजे रिक्षात सांडत नाही. वाती आधीच भिजवून ठेव. एसी नि पंखे दहा मिनिटं बंद करायला सांग, पण पेटवायच्या आधी, नाहीतर एका बाजूचे विझतात नि बायका परत परत काडी ओढत बसतात. विझलेला दिवा बघून म्हाताऱ्या माणसाच्या मनात उगाच काहीतरी येतं. आणि जेवणाआधी ओवाळ. जेवण झाल्यावर निम्मी माणसं हात धुवायला गेलेली असतात.

केक आणणार असशील तर बिनअंड्याचा, आणि बाहेरचा चालतो का हेही विचार.

हिशेबनीस_पाचोरा

बिलाचं थोडं. ताटाचा भाव ठरवताना जीएसटी धरून की वेगळा, हे लिहून घ्या. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के लागतो, बिलावर २.५ आणि २.५ असा दोन ओळींत दिसतो. महागड्या खोल्या असलेल्या मोठ्या तारांकित हॉटेलांत १८ टक्के असतो, पण तुम्ही म्हणता त्या भागात तो प्रश्न बहुधा यायचा नाही. जे कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांनी ठरावीक दराने स्वतः कर भरायच्या योजनेत, आहेत त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. म्हणून बिलावर जीएसटी नंबर आहे का आणि तो कंपोझिशनचा आहे का, बघा.

सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. लावलाच तर काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. त्याऐवजी वाढणाऱ्या पोरांच्या हातात स्वतः बक्षिसी द्या. नानांच्या हातून दिलीत तर त्यांनाही बरं वाटेल.

किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, हा आकडा कमी सांगा. तीस येणार असतील तर पंचवीस. वरची ताटं मोजून देता येतात, न आलेल्यांची परत मिळत नाहीत.

भुसावळचा_पाहुणा

पाण्याच्या बाटल्या छापील किमतीलाच घ्यायच्या, जास्त द्यायचे नाहीत. कायदा आहे.

हिशेबनीस_पाचोरा

दादा, दुकानाला तो नियम आहे, हॉटेलात बसून घेतली तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंटला बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने देता येतं, कारण तिथे सेवाही असते. म्हणून त्यावर भांडण्यापेक्षा तीस माणसांना साधं फिल्टरचं पाणी जगमध्ये ठेवा, असं आधीच ठरवावं.

रावेरचा_नातू

मला वेगळंच विचारायचंय. नानांना वाढणार काय? पनीर टिक्का, मंचुरियन, सिझलर असं सगळं मागवतात आणि आजोबा दहीभात खाऊन उठतात. मी माझ्या आजोबांच्या वेळी हे डोळ्यांनी बघितलंय. मी तर म्हणतो सरळ खानदेशी बेत ठेवा.

तापीकाठ

पूर्ण खानदेशी बेताला माझा विरोध आहे. शेवभाजी आणि डाळबट्टी ते घरी खातातच, आणि घरची जास्त चांगली असते. मोठ्या हॉटेलात न्यायचं ते त्यांना काहीतरी न खाल्लेलं, हाताने न करावं लागणारं मिळावं म्हणून. त्यांना मऊ लागेल, तिखट नसेल असं नवीन द्या ना. मलई कोफ्ता, नवरत्न कोरमा, गरम सूप, शेवटी शाही तुकडा. म्हातारी माणसं नवीन खात नाहीत हा आपला समज असतो. त्यांना नाव माहीत नसतं म्हणून ती मागत नाहीत. शेजारी बसून कोणी सांगितलं, वाढलं, तर आवडीने खातात.

सातपुड्याचा_आचारी

दोघांचंही धरून चाला. बेत नवा ठेवा, पण ताटात एक पदार्थ असा असू दे जो ओळखीचा आहे. पौषात तो पदार्थ भरीतच. आपल्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि हाच त्याचा हंगाम. हॉटेलवाला गॅसवर भाजतो, त्याला ती चव येत नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजून देशील का, असं विचारा. तीस माणसांचं भरीत म्हणजे मागच्या अंगणात अर्ध्या तासाचं काम आहे, चांगला आचारी आनंदाने करतो. बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. जैन पाहुण्यांना मात्र विचारून घ्या, बरेच जण वांगं खात नाहीत. त्यांच्यासाठी केळीचं वेगळं आहेच.

गोडाला मांडे, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्या, करायचे असतील तर ते मात्र हॉटेलवर सोडू नका. खापरावर हातावरची पोळी टाकणारी बाई त्यांच्याकडे नसते. गावाकडून बाई नि खापर आणू देतात का, ते विचारा.

अमळनेरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघं दुपारी साडेबाराला तिन्हीकडे फिरलो.

तिसऱ्या ठिकाणी दिव्यांना थेट नाही म्हणाले. मेणबत्तीसुद्धा केकवरची एकच. जागा खरंच देखणी आहे, पण तिथे आमचा कार्यक्रम बसत नाही. पहिल्या ठिकाणी अन्न फार चांगलं होतं, लिफ्टही आहे, पण ती जनरेटरवर नाही असं त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं. सासूबाईंसाठी ते नको.

दुसऱ्या ठिकाणी हॉल तळमजल्यावर, दोन पायऱ्या फक्त. जैन ग्रेव्हीचा प्रश्न विचारल्यावर मॅनेजरने आचाऱ्यालाच बाहेर बोलावलं आणि तो कच्च्या केळीचं स्वतःहून बोलला, मी नाव काढायच्या आधी. दिव्यांसाठी कोपऱ्यात दगडी फरशी आहे, तिथला गालिचा काढून देतो म्हणाले. भरीत काड्यांवर भाजायला तयार आहेत, काड्या मात्र आम्ही आणायच्या. आमच्या यांनी लगेच गावाला फोन लावला. मांड्यांना नाही म्हणाले, आत बाहेरची बाई चालत नाही. ते मी घरूनच करून नेईन, डबा आणायला परवानगी दिली आहे.

चारपर्यंत हॉल आपला. आगाऊ रक्कम देऊन आलो.

हिशेबनीस_पाचोरा

पावतीवर काय लिहिलंय? तारीख आणि रक्कम एवढंच असेल तर परत जाऊन वेळ, किमान ताटं, जैन ताटांची संख्या, जीएसटी धरून की वेगळा आणि हॉल चारपर्यंत, एवढं लिहून घ्या. तोपर्यंत मॅनेजर बदलला तरी कागद राहतो.

देवपूरची_मावशी

आणि मांडे आदल्या रात्री नको करूस, कडक होतात. पहाटे करून सुती कापडात घड्या घाल, पोहोचेपर्यंत मऊ राहतील. दिव्यांची कणीक मात्र आदल्या दिवशी वाफवलेली चालते.

अमळनेरची_सून

पावतीचं उद्याच करून घेते. मावशी, हळद किती घालायची कणकेत, एक किलोला?

देवपूरची_मावशी

एक चमचा पुरे. पण किलो नको, पंच्याहत्तर दिव्यांना तेवढी लागत नाही. अर्ध्या किलोपासून सुरू कर, कमी पडली तर भिजवता येते.