प्रतिसाद: गिब्जचं दुकान

वर कोणीतरी म्हटलंय की परक्या मुलखातून आलेला दुकानदार निवडून येणं ही अलीकडची गोष्ट. मग मिफ्लिन गिब्जचं काय? जन्म फिलाडेल्फियाचा, 1823 चा, कृष्णवर्णीय. सॅन फ्रान्सिस्कोत भागीदारीत बुटांचं दुकान. तिथे गोऱ्यांविरुद्ध कोर्टात साक्ष देता येत नव्हती, मतही नव्हतं, पण पोल टॅक्स, म्हणजे माणशी कर, मात्र भरायचा! दोघांनी नकार दिला, तर माल जप्त करून लिलावाला काढला. एक गोरा ओळखीचा गर्दीत फिरून बोली लावू नका म्हणून सांगत होता. कोणी बोलीच लावेना, माल परत आला. मला हा किस्सा निवडणुकीपेक्षा जास्त आवडतो.

1858 मध्ये आजच्या कॅनडातल्या फ्रेझर नदीकाठी सोनं सापडलं तेव्हा हा पीठ, बेकन, घोंगड्या, कुदळ-फावडी घेऊन व्हिक्टोरियाला पोचला. सोनं शोधायला नाही, शोधणाऱ्यांना माल विकायला. (पक्का बनिया!) 1866 मध्ये तिथल्या नगर परिषदेवर निवडून आला, 1868 मध्ये येल गावी भरलेल्या परिषदेत सॉल्ट स्प्रिंग बेटाचा प्रतिनिधी. ब्रिटिश कोलंबिया या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीने कॅनडात सामील व्हावं ही त्या परिषदेची मागणी, ती 1871 मध्ये पूर्ण झाली. तोवर गिब्ज अमेरिकेत परतलेलाही होता. 1873 मध्ये लिटल रॉकला न्यायाधीश म्हणून निवडून आला.